चोविसावं मिनिट

४ ऑगस्ट

दादा,

बरोबर चोविसाव्या मिनिटाला तिने पहिला झटका दिला. रस्ता सपाट, गिअर तिसरा, माझा पाय जिथे होता तिथेच. आधी एकच आचका. मग दोन. मी चोक ओढला तशी शंभरेक पावलं सावरली, मग मी जितका पाय दाबला तितकी मलूल होत गेली. पुलाच्या अलीकडे तो तिरका मैलाचा दगड आहे ना, तिथे गप्प झाली. डोक्यावर ऊन, मागे अडलेल्या दोन गाड्या. त्यातल्या एकाने मान बाहेर काढून विचारलं, "मावशी, युद्ध संपलं. तुम्हाला कुणी कळवलं नाही का?"

मी एकतीस वर्षांची आहे. मावशी.

होय, आपली म्हैस, लष्करातून निघालेली ती जुनी जीप. तू गेल्यावर बाबांनी तिच्यावर ताडपत्री टाकली, ती मी गेल्या आठवड्यात काढली. एकोणीस वर्षांनी. टायर बदलले, नवी बॅटरी घातली, सडलेलं पेट्रोल खालच्या बुचातून सोडून टाकी धुतली, प्लग काढून आत तेलाचे थेंब टाकले आणि हॅण्डल मारून फिरवली. तिसऱ्या प्रयत्नाला बोलली. बाबा अंगणात खुर्चीवर होते. त्यांनी चांगला कान तिच्याकडे केला आणि मला म्हणाले, "रडू नकोस, टायमिंग बघ." मी रडत नव्हते. धूर होता.

आता का, ते सांगते. आपल्या वर्कशॉपवरून रस्ता रुंद होतोय. सप्टेंबरअखेर जागा रिकामी करायची आहे. मी नदीपलीकडे एक शेड घेतली आहे, मागे दोन खोल्या आहेत. लेथ आणि ड्रिल भाड्याच्या गाडीने जातील. म्हैस मात्र स्वतःच्या पायांनी जायला हवी, कारण बाबांनी सांगितलंय, "तिला ओढत नेणार असशील तर मलाही दोर बांध." त्यांचे पाय गेले आहेत, जीभ शाबूत आहे. चाळीस किलोमीटर. तास-सव्वा तास ती न थांबता चालली पाहिजे. पूल एकेरी आहे, मध्येच बसली तर दोन्हीकडचे लोक आमचा उद्धार करतील.

परतताना पंधरा मिनिटं उभी ठेवली की पाच मिनिटं चालायची. अशी चार ठिकाणी टेकत घरी आणली. बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "टाकी भरली होतीस?" म्हटलं, गळ्यापर्यंत. ते "हं" म्हणाले.

लष्कराने तिला गळ्याइतक्या पाण्यातून जायला घडवलं, आणि तिने मला कोरड्या रस्त्यावर बुडवलं. माझा हात लेथवर चालतो, इंजिन हे तुझं खातं. फोनवर तू "बरं" म्हणतोस आणि ठेवतोस. पत्रात निदान कागद तरी भरावा लागेल. काय करू ते लिही.

तुझी
वायसर

ता. क. लेथवर माझ्याकडे आता दोन माणसं कामाला आहेत. दोघं मला ताई म्हणतात. वायसर म्हणणारं कुणी राहिलं नाही, म्हणून मीच लिहिलं.

*

११ ऑगस्ट

वायसर,

पत्र मिळालं. बोट आठवड्यातून एकदाच धक्क्याला लागते, म्हणून उत्तराला उशीर.

थंड असताना चालते आणि गरम झाल्यावर झटके देते, म्हणजे आधी कंडेन्सर. नवा घाल. पॉइंट घासून साफ कर, फट पोस्टकार्डाच्या जाडीएवढी ठेव. मग कार्बोरेटर उघड. तळाशी गंज साचला असेल. जेटमध्ये तार घालू नकोस, फुंकून साफ कर. तार घातलीस की भोक मोठं होतं आणि मग ती जन्मभर जास्त पिते. फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलंय का ते कानाशी हलवून बघ. पेट्रोल पंपाचा पडदा एकोणीस वर्षांत वाळून कडक झाला असणार, बदल. पंपाकडून येणारी नळी सायलेन्सरच्या पाइपाजवळून जाते, तिथे पेट्रोलची वाफ होते. ओलं फडकं गुंडाळून बघ.

एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदलल्यास आणि बरी झाली, तर कशाने बरी झाली ते कधीच कळणार नाही. हे माझं नाही, बाबांचं आहे. ते तुला माहीतच असेल.

चांगला कान म्हणजे कुठला? मी होतो तेव्हा दोन्ही चांगले होते.

माझं बरं चाललंय. बंदराच्या तोंडाशी गाळ साचतो, तो आम्ही दिवसभर उपसतो. रात्रीच्या भरतीने बराचसा परत येतो. दोन इंजिनं माझ्याकडे आहेत, दोन्ही माझ्याहून म्हातारी. त्यांची तक्रार नसते.

तो दगड अजून तिरकाच आहे का?

दादा

*

१९ ऑगस्ट

दादा,

एक, कंडेन्सर. चोविसाव्या मिनिटाला झटका. दोन, पॉइंट. चोविसाव्या मिनिटाला झटका. तीन, कार्बोरेटर. तळाशी खरंच गंज होता, चहाच्या चोथ्यासारखा. फुंकून साफ केला, तोंडाला दोन दिवस पेट्रोलची चव होती. चोविसाव्या मिनिटाला झटका. चार, पंपाचा पडदा. पाच, ओलं फडकं. मी आता घड्याळ बघणं सोडलंय, तिच्यावरून घड्याळ लावते. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललंय आपलं.

दर वेळी पुलाकडच्याच रस्त्याने जाते, कारण तेवढाच सपाट आहे. दर वेळी त्याच दगडापाशी थांबते. हो, तिरकाच आहे. तिथला पानवाला आता मला बघितलं की उठून स्टूल देतो.

मात्र परवा एक वेगळं झालं. घाईत टाकी भरली नाही, अर्धीच होती. दगड आला आणि गेला. मी पूल ओलांडला, पलीकडच्या चढावर गेले, आणि मग पन्नासाव्या मिनिटाला तेच आचके, तेच मलूल होणं. म्हणजे टाकी भरलेली असली की लवकर थांबते, अर्धी असली की उशिरा. उलट व्हायला हवं ना? भरल्या पोटी दमते आणि अर्धपोटी पळते, हे कसलं जनावर? तू सांगितलेल्या पाच गोष्टींत हे कशातच बसत नाही.

बाबांना विचारलं. ते सकाळपासून एकच बोल्ट हातात धरून बसले होते. म्हणाले, "तुझ्या भावाला विचार. त्याला माहीत आहे."

दादा, एकोणीस वर्षांत त्यांनी तुझा उल्लेख केला नव्हता. कुणी तुझं नाव काढलं की ते पाना शोधायला उठायचे. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. मला राग आला. मी त्यांचं सगळं करते, मी लेथ चालवते, आणि भरवसा तुझ्यावर. मग वाटलं, असू दे. निमित्त काही का असेना, तुझं नाव तरी निघालं.

चांगला कान डावा. उजव्यात वाऱ्यासारखा आवाज येतो म्हणतात. तू होतास तेव्हाच सुरू झालं होतं. तू नेहमी डाव्या बाजूला बसायचास, म्हणून तुला कळलं नाही.

जागेवर खुणेचे दगड रोवले गेले. एक आपल्या पायरीपाशीच आहे.

वायसर

*

३० ऑगस्ट

वायसर,

टाकी अर्धी ठेव आणि ने. पन्नास मिनिटं चालते म्हणतेस. त्यानंतर पंधरा मिनिटं उभी कर, मग पुढे ने. पूल तेवढ्यात ओलांडून होईल. त्यापलीकडे ती कुठेही थांबली तरी कुणाला त्रास नाही.

नाहीतर ओढून ने. बाबांना समजाव. म्हातारी माणसं बोलतात.

फार खोलात जाऊ नकोस. इतक्या जुन्या गाडीत सगळ्याच गोष्टींचा छडा लागत नाही.

मला तिकडे यायला जमणार नाही. तू विचारलेलं नाहीस, पण पुढच्या पत्रात विचारणार होतीस.

दादा

*

६ सप्टेंबर

दादा,

मी विचारणार नव्हते. आता तर मुळीच नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. "एका वेळी एकच गोष्ट बदल" लिहिणारा माणूस पुढच्या पत्रात "छडा लागत नाही" लिहितो. बोटीवर गाळ उपसून तुझी बुद्धी मंदावली असेल असं आधी वाटलं. मग सकाळी तेलाचा नवा डबा उघडत होते. खिळ्याने एक भोक पाडलं. तेल गुडगुड करत, थांबत थांबत यायला लागलं. हात आपोआप दुसऱ्या बाजूला गेला, दुसरं भोक पाडलं, आणि धार लागली. आत हवा जाईल तेव्हाच बाहेर तेल येईल. हे मला सहाव्या वर्षी कुणी शिकवलं? तूच ना? डब्यापाशी बसून म्हणालास, "वायसर, डब्यालासुद्धा श्वास लागतो."

भरलेल्या टाकीत वर हवा थोडी, म्हणून पेट्रोलला मागे धरणारी ओढ लवकर बसते. अर्ध्या टाकीत हवा जास्त, म्हणून उशिरा. इतकं सोपं आहे. तुला पहिल्या पत्रातच कळायला हवं होतं. तुला कळलंच होतं.

म्हशीच्या नळ्या तुला पाठ होत्या. टाकी, डिस्ट्रिब्युटर, गिअरबॉक्स, ब्रेकचा सिलिंडर, सगळं पाण्यासाठी बंद, आणि प्रत्येकातून करंगळीपेक्षा बारीक एक नळी वर एअर क्लीनरपर्यंत. गाडी गळ्याइतकी बुडाली तरी श्वास वरून घेणार. बाबा त्यांना श्वासनळ्या म्हणायचे. पाच वेगवेगळ्या रोगांवर तू मला औषध लिहिलंस आणि या नळ्यांबद्दल एक अक्षर नाही.

सगळ्या सोडवल्या. गिअरबॉक्सच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. ब्रेकची चेपली होती, डिस्ट्रिब्युटरची चांगली निघाली. टाकीची नळी सोडवून तोंडाने फुंकली तर गाल दुखले. टॉर्च मारला. आत टाकीच्या बाजूला एक लाकडी खुंटी. नीट तासलेली, निमुळती, मेणाचा दोरा गुंडाळून घट्ट बसवलेली. कुंभारीण दोरा गुंडाळत नाही, दादा.

आधी मला बाबांचाच संशय आला. लाकूड हातोड्याच्या दांड्याचं आहे आणि तासणं त्यांचं आहे. पण बाबा डावरे आहेत. त्यांनी गुंडाळलेला प्रत्येक दोरा, प्रत्येक तार आपल्या घरात उलटी फिरते. मी लहानपणी त्यावरूनच ओळखायचे, हे बाबांनी केलं, हे तू. या खुंटीवरचा दोरा सुलटा आहे. उजव्या हाताचा.

म्हणजे तू. तू ती नळी बंद केलीस आणि गाडी घेऊन निघालास. चोविसाव्या मिनिटाला ती थांबणार हे तुला ठाऊक होतं. थांबली की तुला म्हणता येणार होतं, बाबांनी मला मोडकी गाडी दिली, घराने मला धड निरोपसुद्धा दिला नाही. एकोणीस वर्षं तू हेच म्हणत आलास. आत्याला तसं लिहिलंस, ते तिने मला दाखवलं होतं. आणि मी तुझी बाजू घेत आले. बाबांशी त्यावरून एकदा महिनाभर बोलले नव्हते.

मी बारा वर्षांची होते. तू गेलास त्या दुपारी बाबांनी तुझी हत्यारं रॉकेलने धुऊन, पुसून, बाकावर ओळीने लावून ठेवली. मला वाटलं होतं, तू सोडून गेलास म्हणून आवरतायत. मग खुर्ची उचलून फाटकापाशी नेली आणि बसले. मी जेवायला बोलवायला गेले तर म्हणाले, "येतो." दिवे लागले तरी आले नाहीत.

खुंटी माझ्या एप्रनच्या खिशात आहे. बाबांना अजून दाखवली नाही. आधी तू बोल.

वायसर

*

१५ सप्टेंबर

वायसर,

लाकूड बाबांचं. दोरा माझा.

सांगतो. मी इथल्या नोकरीसाठी जायचं म्हणालो तेव्हा त्यांनी तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी म्हणाले, "म्हैस घेऊन जा. तिकडे गाडी असली की काम मिळतं." मला खरं वाटेना. ती त्यांचा जीव होती. सकाळी त्यांनी स्वतः टाकी भरली, गळ्यापर्यंत. मला वाटलं, आशीर्वाद देतायत. मी पाया पडलो. ते म्हणाले, "सावकाश जा."

दगडापाशी झटके सुरू झाले. बंद पडली. मी उतरलो आणि पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडलं, कारण त्यांनीच शिकवलं होतं, काही कळलं नाही की आधी झाकण उघड. झाकणातून सुस्कारा आला. तेवढ्यात कळलं. खाली शिरलो, नळी सोडवली, खुंटी काढली. त्यांची तासणी मला कुठेही ओळखू येते. दोरा उलटा होता.

वीस वर्षांचा होतो. डोकं तापलं. तोंडाने जा म्हणायचं आणि पोटात खुंटी मारायची. मग तिथेच गाडीखाली पडल्या पडल्या हसू आलं. भरलेली टाकी, चोवीस मिनिटं, दगड. त्यांनी हिशेब केला होता. घरापासून बरोबर इतकं लांब, की चालत परत येता येईल. "सावकाश जा" म्हणाले होते, तेसुद्धा त्या हिशेबात असेल. जोरात गेलो असतो तर पूल ओलांडला असता, आणि मग परत फिरणं अवघड.

आता खरी गोष्ट, जी मी कुणालाच सांगितलेली नाही. खुंटी काढून फेकली असती तर गाडी सुरू झाली असती, आणि मग मला जावंच लागलं असतं. मला जायचं होतं, पण असं नाही. काढताना दोरा सुटला होता. मी तो पुन्हा गुंडाळला, माझ्या हाताने, आणि खुंटी होती तशी बसवली. झाकण लावलं. गाडी बंद आहे तोवर मी कुठेच गेलेलो नाही, असं मला वाटलं. त्यांना माहीत होतं गाडी कुठे थांबणार. ते येतील. येऊन नळी सोडवतील, मी वरून बघत राहीन, त्यांना लाज वाटेल, मग आम्ही दोघं हसू, आणि मग ते सांगतील ते मी करीन. रहा म्हणाले असते तर राहिलो असतो. जा म्हणाले असते तर गेलो असतो.

दगडावर तीन तास बसलो. रस्ता सरळ आहे, लांबून येणारा माणूस दिसतो. कुणी आलं नाही. मग बस आली.

तुला खरं कारण लिहिलं असतं तर तू ती खुंटी काढली असतीस आणि गोष्ट संपली असती. माझ्याकडे तिकडचं तेवढंच उरलं होतं. आत्याला खोटं लिहिलं. मोडकी गाडी दिली, हे सांगायला सोपं होतं. त्यांनी मला थांबवायचा प्रयत्न केला आणि मग न्यायला आले नाहीत, हे मला लिहिता आलं नसतं.

रजेचा अर्ज दिला आहे. मिळेल की नाही सांगता येत नाही. जागा कधी सोडणार आहात?

दादा

*

१९ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. डाव्या कानाशी, मोठ्याने, त्यामुळे लेथवरच्या दोघांनीही ऐकलं. एकाने मशीन बंद केलं.

 संपल्यावर बाबा म्हणाले, "तीन तास बसला?"

"हो."

"मी पाच बसलो."

मग हात पुढे केला. मी खिशातून खुंटी काढून दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली नाही. अंगठा दोऱ्यावरून दोनदा फिरवला आणि म्हणाले, "गुंडाळलंय चांगलं. मेण कमी लावलं."

पुढचं मला हळूहळू काढून घ्यावं लागलं. त्यांचा हिशेब असा होता: दगडापासून घरी चालत चार तास, रागात साडेतीन. तू तणतणत येशील, शिव्या देशील, मग हत्यारं ओळीने लावलेली बघशील आणि बसशील. म्हणून फाटकापाशी खुर्ची. ते निघाले असते आणि तू दुसऱ्या वाटेने आला असतास तर चुकामूक झाली असती, म्हणून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने पुलाशी गेले. गाडी होती, तू नव्हतास. खाली शिरून खुंटीला हात लावला. दोरा सुलटा लागला.

म्हणाले, "त्याला कळलं होतं. कळूनही गेला, म्हणजे गेला. मग मी काय काढायची ती?" झाकण सैल ठेवून गाडी घरी आणली, झाकण लावलं, ताडपत्री टाकली.

तुम्ही दोघं इंजिनाचा आवाज ऐकून पिस्टन कुठला खराब ते सांगता. आणखी काही लिहीत नाही.

मी टाकीला नवी तांब्याची नळी केली आहे, वरच्या टोकाला बारीक जाळी बसवली, कुंभारणीसाठी. पुढे म्हैस दोन तास चालवली. एकही झटका नाही. उतरल्यावर मला उगीच चुकल्यासारखं झालं. पानवाल्याने स्टूल काढून ठेवलं होतं, मी हात करून पुढे गेले.

आम्ही अठ्ठावीस तारखेला निघतोय. दुपारी बाराला पुलापाशी असू, त्या दगडाशी, आणि पाच वाजेपर्यंत थांबू. बाबांनीच पाच सांगितलं. तुझ्या बाजूने येणाऱ्या दोन बस तिथे थांबतात. उतर. बाबांना चालत येता येत नाही, म्हणून गाडीतून येतायत, एवढाच फरक.

वायसर

*

२८ सप्टेंबर, संध्याकाळ

दादा,

नव्या शेडमधून लिहिते आहे. लेथ अजून जमिनीला बसवलेलं नाही, त्याच्यावरच कागद ठेवलाय.

सकाळी निघताना फाटकाला कुलूप लावायची गरज नव्हती, उद्यापासून ते पाडणार आहेत. तरी लावलं. बाबांना लेथवरच्या दोघांनी उचलून सीटवर बसवलं. ते म्हणाले, "धान्याचं पोतं उचलता की माणूस?" तुझी हत्यारं त्यांच्या पायाशी, फडक्यात गुंडाळून. फडकं दर वर्षी बदलायचे, हे मला आज कळलं.

चोवीस मिनिटं मी मोजली नाहीत. त्यांनी मोजली असावीत, कारण दगड दिसायच्या आधीच त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला. तिने झटका दिला नाही. मी कडेला घेऊन बंद केली. बाबा म्हणाले, "झाकण उघड." मी उघडलं. "आवाज आला?" म्हटलं, नाही, काहीच नाही. "मग ठीक," म्हणाले.

पहिली बस सव्वा वाजता आली. शिलाईमशीन घेऊन एक बाई उतरली. ड्रायव्हर आणि बाबा एकमेकांकडे बघत राहिले. दुसरी पावणेचारला. ती थांबलीच नाही, कुणी उतरणारं नव्हतं. मी दगडावर बसले होते. तिरका असल्यामुळे तिथे तीन तास बसणं सोपं नाही, दादा. अंग सारखं घसरतं.

पाच वाजता मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "साडेपाच." मग स्वतःच म्हणाले, "चल."

तुला रजा मिळाली नसेल. किंवा माझं पत्र तू बोटीवर असताना धक्क्यावर पडून असेल. मी या दोन गोष्टी आलटून पालटून म्हणते आहे. तिसरी म्हणत नाही.

इथे आल्यावर बाबांना खोलीत नेलं तर म्हणाले, भिंतीकडे तोंड नको, दाराकडे कर. मग अर्ध्या तासाने हाक मारली. म्हणाले, "तो पुलावर उतरायचा नाही. एकदा थांबून बघितलंय त्याने तिथे. तो फाटकाशी गेला असेल."

म्हटलं, कशावरून? जागा रिकामी आहे, त्याला माहीत आहे.

"मी गेलो असतो."

"मग आत्ता जाऊ?"

"तिला दिवे नाहीत," म्हणाले. ते खरं आहे. दिव्यांचं काम मी पुढच्या आठवड्यावर टाकलं होतं. "उजाडलं की काढ गाडी. मला उचलायला त्या दोघांना आधीच सांगून ठेव. आणि खुर्ची घेऊ नकोस, बसायचं नाहीये कुठे."

म्हाताऱ्या माणसाचा अंदाज आहे. मी टाकी भरून ठेवली आहे, गळ्यापर्यंत. तू तिथे नसलास तर येताना हे पत्र पोस्टात टाकीन.

वायसर

*

२९ सप्टेंबर

पत्र पोस्टात टाकलं नाही.

सकाळी सहाला निघालो, सव्वासातला जुन्या जागी पोचलो. दादा पायरीवर बसला होता, पिशवी मांडीवर, काल दुपारपासून; आम्ही दगडापाशी पोचण्याआधीच्या बसने, पुलावर न उतरता थेट आलेला. बाबांनी त्याच्याकडे बघितलं आणि सीटवर मध्ये सरकले. मी स्टीअरिंग सोडून बाबांच्या पलीकडे जाऊन बसले. दादाने टाकीचं झाकण उघडून पाहिलं, लावलं, आणि गाडी काढली. तो बाबांच्या उजवीकडे होता, त्यामुळे दोनदा काहीतरी म्हणाला ते त्यांना ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा मी डाव्या कानात सांगितलं. पुलापाशी गाडी थांबली नाही.